हंगामाच्या तोंडावरचा रक्तदाब : एका ऊसतोड कामगार महिलेच्या उपचारातील परिचारिकेची भूमिका

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील डोंगरपट्ट्यातील एका उपकेंद्राचे आहे. व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. प्रकरणातील परिचारिका बी.एस्सी. नर्सिंग झालेली असून सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालेली आहे. गावात तिला सर्वजण ‘सिस्टर’ म्हणतात, म्हणून पुढेही तसाच उल्लेख केला आहे.

पार्श्वभूमी

उपकेंद्राच्या हद्दीतील निम्म्याहून अधिक घरांतील माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या हद्दीत कोपी (राहायची तात्पुरती झोपडी) टाकायची, पहाटे अंधारात फडात उतरायचे आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची, असा तो दिनक्रम असतो. कामाला दांडी झाली की तिला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचे पैसे जोडीच्या हिशेबातून कापले जातात. दवाखान्यात जाणे म्हणजे खाडा, हे समीकरण लक्षात घेतल्याशिवाय या भागातील कोणत्याही दीर्घकालीन आजाराच्या उपचाराचा विचार करता येत नाही.

रुग्ण ४४ वर्षांची, दोन मुलांची आई, पंधराहून अधिक हंगाम ऊसतोड केलेली. तीस वर्षांवरील सर्वांची असंसर्गजन्य आजारांसाठी तपासणी करण्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात मे महिन्यात तिचा रक्तदाब १६८/१०४ भरला. आठवड्याने पुन्हा मोजला तेव्हा १६४/१०० होता. लघवीत प्रथिने नव्हती, साखर ठीक होती. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरलेल्या पायरी-पायरीच्या उपचार-क्रमाप्रमाणे अ‍ॅम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. रोज एक गोळी सुरू केली आणि दरमहा उपकेंद्रातून गोळ्या न्याव्यात असे ठरले.

येथे अधिकारांची विभागणी स्पष्ट करणे आवश्यक आहे. रक्तदाब मोजणे, संशयित रुग्ण शोधणे, डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे दरमहा देणे, आहार-व्यसनांबाबत समुपदेशन करणे आणि पाठपुरावा ठेवणे ही उपकेंद्रावरील परिचारिकेची कामे आहेत. नवे औषध सुरू करणे किंवा मात्रा वाढवणे हा निर्णय मात्र डॉक्टरांचा असतो. त्यासाठी ती प्राथमिक आरोग्य केंद्राशी फोनवर बोलू शकते किंवा ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकते. ब्रिटनमध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका स्वतः औषधे लिहून देतात. आपल्याकडे तशी मुभा नाही. त्यामुळे आपल्या परिचारिकेचे वजन औषध लिहिण्यात नसून, डॉक्टरांपर्यंत कोणती माहिती कोणत्या वेळी पोचते यात आहे. हे प्रकरण मुख्यतः त्याविषयी आहे.

समस्या

जून महिन्यात रक्तदाब १६२/१००, जुलैत १६६/९८, ऑगस्टमध्ये १६४/१०२. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक महिन्यापुढे ३० गोळ्या दिल्याची नोंद आणि अंगठा. कागदावर पाहिले तर रुग्ण नियमित येते, औषध नेते आणि तरीही रक्तदाब हलत नाही. उपचार-क्रमानुसार महिनाभरात रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नाही तर पुढची पायरी गाठायची असते. म्हणजे जूनच्या अखेरीसच मात्रा वाढायला हवी होती. ती वाढली नाही, कारण मासिक बैठकीत फक्त ‘औषध दिलेले रुग्ण’ हा आकडा विचारला जात होता; ‘रक्तदाब आटोक्यात आलेले रुग्ण’ हा आकडा कोणी मागत नव्हते.

ऑगस्टमधील तिसरे मोजमाप पाहून सिस्टरने वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी लगेच टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ. हे रक्तदाबाचे दुसरे औषध जोडण्याची तयारी दाखवली. त्यांच्या जागी कोणीही तेच केले असते. सिस्टरने मात्र दोन दिवसांची मुदत मागितली. कारण विचारल्यावर तिने सांगितले की रुग्ण नेहमी आठवडी बाजाराच्या दिवशी, डोक्यावर पाटी घेऊन चालत येते, येताच स्टुलावर बसते आणि गर्दीत तिचा रक्तदाब मोजला जातो. त्या आकड्यावर आपला पूर्ण विश्वास नाही.

घरभेटीत काय आढळले

आशाताईंना बरोबर घेऊन सिस्टर संध्याकाळी घरी गेली. रुग्णाला भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसवले, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या पातळीवर उशीवर. ब्लाउजची बाही घट्ट होती. ती वर सरकवली तर दंडाला आवळते आणि तशीच ठेवली तर पट्टा कापडावरून बांधावा लागतो. उपकेंद्रात कापडावरूनच बांधला जात होता. येथे हात मोकळा करून घेतला. पाच मिनिटे न बोलता बसल्यानंतर पहिले मोजमाप १५८/९८ आणि दोन मिनिटांनी दुसरे १५४/९६ आले. उपकेंद्रातील आकड्यांपेक्षा कमी, पण तरीही उच्च रक्तदाबच. मोजण्याच्या पद्धतीत दोष होता, मात्र आजार खोटा नव्हता.

मग सिस्टरने गोळ्यांची पाकिटे पाहायला मागितली. मागील वेळी गोळ्या देऊन १८ दिवस झाले होते. २१ गोळ्या शिल्लक होत्या. म्हणजे अठरा दिवसांत नऊ गोळ्या घेतल्या गेल्या होत्या. ‘मावशी, रोज घेता ना?’ असे विचारल्यावर इतके दिवस ‘व्हय’ हेच उत्तर मिळत होते. यावेळी प्रश्न बदलला. ‘मावशी, गोळी कोणत्या दिवशी घेता आणि कोणत्या दिवशी नाही घेत?’ त्यावर उत्तर आले, ‘डोकं चढलं की घेते. नाय चढलं तर कशाला खायची? उगा सवय लागंल.’

तिसरी गोष्ट योगायोगाने कळली. पाकिटे ठेवलेल्या डब्यात पांढऱ्या गोळ्यांची वेगळी पुडी होती. कंबर आणि गुडघ्यांसाठी गावातल्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक. सकाळ-संध्याकाळ एकेक, कित्येक वर्षे. हंगामात तीन. रुग्णाच्या लेखी ते औषधच नव्हते. ‘ती तर कंबरेची हाय’ असे तिने सांगितले. तपासणीच्या फॉर्मवर ‘इतर औषधे’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले होते आणि ते तिच्या दृष्टीने खरेच होते.

याशिवाय मशेरी दिवसातून चार वेळा. त्यातील एक खेप उपकेंद्राच्या रांगेत बसल्या-बसल्या होत असे. तंबाखूतील निकोटीनमुळे रक्तदाब काही काळ चढतो, म्हणूनच मोजण्याआधी अर्धा तास तंबाखू आणि चहा टाळावा असे सांगितले जाते. उपकेंद्राच्या भिंतीवर ती सूचना लावलेली होती; रुग्णाला वाचता येत नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला : टेल्मिसार्टन लगेच जोडणे. उपचारातील दिरंगाई हा उच्च रक्तदाबाच्या क्षेत्रातील जुनाच दोष आहे. ‘अजून थोडे पाहू’ म्हणत महिनोन्‌महिने जातात आणि रुग्ण एक दिवस अर्धांगवायू होऊनच दवाखान्यात येतो. त्यामुळे या पर्यायाला जोर होता. याविरुद्ध, निम्म्याच दिवशी घेतलेल्या पहिल्या औषधावर दुसरे औषध चढवण्यात काय हशील, हा प्रश्न होता. शिवाय डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी साठवतात, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात आणि टेल्मिसार्टनच्या गटातील औषधांचा परिणाम बोथट करतात. अशा वेदनाशामकांबरोबर टेल्मिसार्टन, त्यात उन्हातल्या कामाने घाम जाऊन पाणी कमी झालेले शरीर आणि पुढे जर लघवी वाढवणारी गोळी जोडली गेली, तर मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका वास्तव असतो.

दुसरा पर्याय ग्रामीण रुग्णालयात पाठवण्याचा. तीन महिने औषध देऊनही आटोक्यात न आलेला रक्तदाब म्हणून हे रीतसर ठरले असते. पण रुग्णालय ३० किलोमीटरवर, एक दिवस मोडणार आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात डब्यातली पुडी कोणी पाहणार नव्हते.

तिसरा पर्याय अ‍ॅम्लोडिपिन ५ वरून १० करण्याचा. वेदनाशामकांमुळे या औषधाच्या परिणामात फारसा फरक पडत नाही आणि मूत्रपिंडाच्या बाबतीतही ते निर्धोक आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला, कारण १० मि.ग्रॅ.वर घोट्यांना सूज येण्याचे प्रमाण वाढते आणि दिवसभर उभे राहून काम करणारी बाई सूज दिसताच औषध सोडून देईल अशी त्यांना भीती होती. या भीतीला आधार होता. तरीही हा पर्याय ज्या वेगाने निकालात निघाला ते योग्य नव्हते, हे पुढे दिसून येते.

चौथा पर्याय सिस्टरने मांडला : सध्याचेच औषध चार आठवडे खरोखर रोज घेऊन पाहावे, वेदनाशामक बंद करावे, मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी दरम्यान रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे आणि मग पुढची पायरी ठरवावी. या पर्यायाची अडचण अशी की त्याने आणखी एक महिना जाणार होता आणि दिवाळी जवळ येत होती.

निर्णय आणि पहिल्या टप्प्यातील कृती

चौथा पर्याय निवडला गेला, पण एका अटीवर. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तारीख ठरवून दिली आणि त्या तारखेला रक्तदाब १४०/९० च्या वर असेल तर कोणतीही आणखी चौकशी न करता दुसरे औषध सुरू होईल असे रजिस्टरमध्ये लिहून ठेवले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत चांगला निर्णय आहे. चौकशीसाठी थांबणे आणि दिरंगाई करणे यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. फरक फक्त पुढची तारीख आणि पुढची कृती आधीच लिहिलेली आहे की नाही, यात असतो.

गोळी रोज घेण्यासाठी सिस्टरने एकच सोपी सांगड घातली. रुग्ण रोज सकाळी चुलीवर पहिली भाकरी टाकण्याआधी चहा घेते. चहाच्या डब्यातच गोळ्यांचे पाकीट ठेवायचे. ‘सवय लागंल’ या शंकेला उत्तर देताना तिने मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरचे व्याख्यान टाळले. गावातीलच एका वृद्धाला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला होता आणि त्यांचे डोके कधीच दुखले नव्हते, हे रुग्णाला माहीत होते. तेवढे बोलणे पुरले. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिले. मशेरी सोडण्याविषयी बोलणे झाले. ती चारावरून दोनवर आली, सुटली नाही. मिठाच्या बाबतीत दिवसाला पाच ग्रॅमहून कमी ही मर्यादा सांगण्याऐवजी ठेच्यात आणि वरणात दोन्हीकडे मीठ पडते, त्यातले ठेच्यातले निम्मे करावे असे सुचवले. बाजाराच्या गर्दीऐवजी दुसऱ्या दिवशी यावे, हेही ठरले.

क्रिएटिनिन ०.८ आले, पोटॅशियम ठीक होते. सप्टेंबरमध्ये ठरलेल्या तारखेला सर्व २८ गोळ्या घेतलेल्या होत्या आणि रक्तदाब १४४/९२ भरला. वेदनाशामक बंद, औषध नियमित, तरी चार आकडे वर. लिहून ठेवल्याप्रमाणे टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ. जोडले गेले. हे औषध गरोदरपणात धोक्याचे असल्याने सुरू करण्यापूर्वी सिस्टरने ते विचारून घेतले. रुग्णाची गर्भपिशवी दहा वर्षांपूर्वीच काढलेली होती. बीडमधील ऊसतोड महिलांच्या बाबतीत ही बाब २०१९ मध्ये राज्यभर गाजली होती. येथे तिचा संबंध एवढाच की हा प्रश्न चारचौघांत न विचारता, दार लोटून विचारला गेला.

ऑक्टोबरमध्ये रक्तदाब १३२/८४ झाला.

हंगामाचा प्रश्न

येथे बहुतेक अहवाल संपले असते. रुग्ण ‘नियंत्रित’ या रकान्यात गेली होती. पण दिवाळीनंतर टोळी सातारा जिल्ह्यात जाणार होती आणि पुढचे पाच महिने तिच्या गोळ्यांचे काय, हे कोणत्याच रकान्यात नव्हते.

पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याइतका साठा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे नव्हता. शिवाय टेल्मिसार्टन सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत क्रिएटिनिन पुन्हा पाहायला हवे होते आणि ते झाले नव्हते. नमुने नेणारी गाडी त्या आठवड्यात आली नाही आणि नंतर टोळीच निघाली. घरचे कोणी गोळ्या पोचवतील हा पर्याय बेभरवशाचा होता. शेवटी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, औषधांची नावे, मात्रा, शेवटचा रक्तदाब आणि उपकेंद्राचा फोन लिहिलेले कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले आणि सांगितले की तेथील कोणत्याही सरकारी दवाखान्यात हे कार्ड दाखवावे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात निवडलेल्या पहिल्या चार जिल्ह्यांपैकी सातारा हा एक आहे. त्यामुळे तेथे औषध मिळणे सोपे जाईल असा अंदाज होता.

अंदाज निम्माच खरा ठरला. दवाखाना कोपीपासून सात किलोमीटरवर आणि तो दिवसा उघडा, दिवसा फड. गोळ्याही दोन महिने पुरल्या नाहीत, कारण टोळीतल्या दुसऱ्या एका बाईचे डोके दुखू लागले तेव्हा रुग्णाने तिला एक पाकीट देऊन टाकले. ही चूक म्हणून पाहणे सोपे आहे. कोपीवर मीठ-मिरचीपासून सगळेच वाटून घेतले जाते. डिसेंबरच्या मध्याला गोळ्या संपल्या.

सिस्टरने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे हिशेबाने गोळ्या संपायच्या वेळी, फोन केला. नवऱ्याचा फोन बंद होता. आशाताईंनी मुकादमाच्या घरून त्याचा नंबर मिळवला आणि तिसऱ्या प्रयत्नात रुग्णाशी बोलणे झाले. त्यानंतर सिस्टरने त्या भागातील उपकेंद्रावरील परिचारिकेला गाठले. हा फोन कोणत्याही परिपत्रकात सांगितलेला नव्हता. त्या परिचारिकेने दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, टोळी कोपीवर परतल्यावर, भेट दिली. रक्तदाब १६८/१०० होता. तिने ई-संजीवनीवरून सल्ला घेऊन अ‍ॅम्लोडिपिन दिले. टेल्मिसार्टन तिच्या साठ्यात नव्हते, ते नवऱ्याने तालुक्याच्या जनऔषधी दुकानातून आणले. त्याच भेटीत टोळीतील इतर मोठ्या माणसांचाही रक्तदाब पाहिला गेला आणि पाकीट घेतलेल्या त्या बाईचाही रक्तदाब जास्त आढळला.

परिणाम

एप्रिलमध्ये परतल्यावर रक्तदाब १४८/९० होता. डायक्लोफेनॅक हंगामात पुन्हा सुरू झाले होते आणि रुग्णाने ते यावेळी आपणहून सांगितले : ‘पॅरासिटामॉलनं मोळी उचलत नाय, सिस्टर.’

राहिलेली रक्ततपासणी झाली. क्रिएटिनिन १.१ आले. प्रयोगशाळेच्या कागदावर हा आकडा सामान्य मर्यादेत होता, त्यापुढे कोणतीही खूण नव्हती. सिस्टरने ऑगस्टचा कागद शेजारी ठेवला. ०.८ वरून १.१ म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक वाढ, आणि टेल्मिसार्टनच्या गटातील औषधांवर ३० टक्क्यांहून अधिक वाढ झाल्यास थांबून विचार करायचा असतो. तिने दोन्ही कागदांचे छायाचित्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवले. त्यांनी टेल्मिसार्टन थांबवले, डायक्लोफेनॅक पूर्ण बंद करायला सांगितले आणि अ‍ॅम्लोडिपिन १० मि.ग्रॅ. केले. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.९ वर आले. जूनमध्ये रक्तदाब १३४/८४ होता. घोट्यांना संध्याकाळी थोडी सूज येते. ती गोळीमुळे आहे, किडनीमुळे नाही, हे आधीच सांगून ठेवल्याने औषध सुटलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

ऑगस्टमध्ये बाजूला ठेवलेला तिसरा पर्याय शेवटी कामी आला. रुग्ण दोन महिन्यांत ऊसतोडीला जाणार आहे, तेथे वेदनाशामक पुन्हा सुरू होण्याची शक्यता मोठी आहे आणि तेथे रक्ततपासणी होणार नाही, या तीन गोष्टी सप्टेंबरमध्ये सर्वांना माहीत होत्या. पण दुसरे औषध निवडताना त्या एकत्र मांडल्या गेल्या नाहीत. उपचार-क्रम सर्वसाधारण रुग्णासाठी असतो; हंगामी स्थलांतर करणाऱ्या कामगाराला तो लावताना डॉक्टरांपुढे ही माहिती परिचारिकेनेच ठेवायला हवी, कारण ती इतर कोणाकडेच नसते. सिस्टरने डायक्लोफेनॅक बंद झाल्याचे कळवले. ते हंगामात बंद राहील का, हा प्रश्न मांडला नाही. अर्थात टेल्मिसार्टनची निवड सरसकट चुकीची होती असे म्हणता येणार नाही. स्थिर राहणाऱ्या रुग्णासाठी तीच योग्य ठरली असती.

मे महिन्यात पहिल्याच भेटीत ‘इतर औषधे घेता का’ याऐवजी ‘अंग दुखल्यावर काय घेता’ असे विचारले असते, तर तीन महिने वाचले असते. रजिस्टरमध्ये दिलेल्या गोळ्यांबरोबर उरलेल्या गोळ्यांचा रकाना आता हाताने आखून घेतला आहे.

सातारच्या परिचारिकेला पहिला फोन जानेवारीत गेला; तो टोळी निघण्यापूर्वी जायला हवा होता. यंदा मुकादमांकडून टोळ्यांची ठिकाणे ऑक्टोबरमध्येच मागवायचे ठरले आहे आणि रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची यादी तेथील उपकेंद्रांना आधी पाठवली जाईल. यातील अडचण अशी की टोळी हंगामाच्या मध्यात दुसऱ्या कारखान्याकडे वळली तर यादी निरुपयोगी ठरते, आणि त्यावर अद्याप उपाय सापडलेला नाही.

वेदनेचा प्रश्न सुटलेला नाही. ग्रामीण रुग्णालयातील भौतिकोपचार तज्ज्ञांकडे रुग्ण एकदा जाऊन आली. कमरेचे व्यायाम शिकली आहे आणि ते करते. हंगामात मोळीचे ओझे तेच राहणार असल्याने पॅरासिटामॉल पुरेल असे सिस्टरला वाटत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी तिचे बोलणे यावर अडले आहे की डायक्लोफेनॅक पूर्ण बंद ठेवण्याचा आग्रह धरावा, की अगदीच असह्य दिवशी एक गोळी आणि भरपूर पाणी अशी मर्यादा घालून द्यावी. ऑक्टोबरच्या तपासणीत क्रिएटिनिन पाहून ते ठरेल.